सॉफ्टवेअर अरबीत आणायचं की अरबांना इंग्रजी शिकवायचं?

अरबीत संगणकाला ‘हासूब’ म्हणतात. आपला ‘हिशेब’ ज्या धातूतून आला, त्यातूनच हा शब्द घडवला आहे. फाइलला तिथे ‘मलफ्फ’ म्हणतात आणि त्याचं कूळ आपल्या ‘लिफाफ्या’चं आहे, कारण दोन्हींच्या मुळाशी गुंडाळणं, लपेटणं आहे. कॉपी करण्याच्या आज्ञेला ‘नस्ख’ हा शब्द आहे. आपण औषधाचा नुसखा म्हणतो तो याचाच भाऊबंद. नुसखा म्हणजे मुळात उतरवून घेतलेली प्रत.

म्हणजे संगणकाबद्दल बोलायला अरबीकडे शब्द नाहीत, अशी अडचण नाही. तरीही कैरोत किंवा अम्मानमध्ये लिनक्स ही मुक्त संगणकप्रणाली वापरणाऱ्या कितीतरी जणांच्या पडद्यावर मेन्यू इंग्रजीत असतात, आणि मोरोक्कोच्या रबातमध्ये बऱ्याचदा फ्रेंचमध्ये. मुक्त सॉफ्टवेअर अरब जगात आणखी पसरावं असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांच्यात यावरून दोन तट पडतात. एक तट म्हणतो, भाषांतरात वर्षं घालवण्यापेक्षा मुलांना चांगलं इंग्रजी शिकवा, म्हणजे जगातलं सगळं सॉफ्टवेअर एका फटक्यात त्यांचं होईल. दुसरा तट म्हणतो, बावीस देशांत कोट्यवधी लोक जी भाषा वाचतात, त्या भाषेत सॉफ्टवेअर येत नसेल तर दोष सॉफ्टवेअरचा आहे, माणसांचा नाही.

मला हा वाद महत्त्वाचा वाटतो, पण तो ज्या पद्धतीने मांडला जातो ती पद्धत पटत नाही. का पटत नाही हे सांगायचं तर आधी ‘सॉफ्टवेअर अरबीत आणणं’ म्हणजे नेमकं काय हे पाहावं लागेल. बहुतेकांना वाटतं, मेन्यूतले शब्द बदलले की झालं. खरं काम त्याच्या बरंच खाली, पायाभरणीत आहे.

मुक्त म्हणजे काय, तेही आधी दोन ओळींत सांगतो. ज्या सॉफ्टवेअरचा मूळ कोड कुणालाही वाचता, बदलता आणि वाटता येतो ते मुक्त सॉफ्टवेअर. इंग्रजीतल्या ‘फ्री’ या शब्दाने इथे फार गोंधळ घातला आहे, कारण त्याचा अर्थ फुकटही होतो आणि स्वतंत्रही. अरबीत हा घोळ नाही. स्वतंत्र असेल तर ‘हुर्र’, फुकट असेल तर ‘मज्जानी’. मराठीतही ‘मुक्त’ आणि ‘फुकट’ हे शब्द वेगळेच आहेत. इंग्रजीत पानभर लिहून समजवावी लागणारी गोष्ट या दोन्ही भाषांत एका शब्दात सांगून होते.

भाषांतर हा सोपा भाग

बहुतेक मुक्त सॉफ्टवेअरमध्ये पडद्यावर दिसणारं प्रत्येक वाक्य कोडपासून वेगळं काढून एका साध्या यादीत ठेवलेलं असतं. वर मूळ इंग्रजी वाक्य, खाली रिकामी जागा. त्या रिकाम्या जागेत आपल्या भाषेतलं वाक्य भरायचं. ही यादी असते त्या फाइलला ‘पीओ फाइल’ म्हणतात. ती भरायला प्रोग्रॅमिंग यावं लागत नाही. म्हणूनच भाषांतर ही मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात शिरण्याची सगळ्यात ठेंगणा उंबरठा आहे. मराठीतही कितीतरी जण याच दारातून आत आले.

अरबीसाठी हे काम संघटितपणे करणारा सुरुवातीचा मोठा गट म्हणजे २००१ साली उभा राहिलेला ‘अरबआइज’. वेगवेगळ्या देशांतले स्वयंसेवक इंटरनेटवरून एकत्र येत. केडीई आणि ग्नोम या लिनक्सच्या दोन मोठ्या डेस्कटॉपांचं अरबी भाषांतर त्यांनी हाती घेतलं, शब्दसूची केली, शुद्धलेखन तपासणी आणि मजकूर संपादकावर, म्हणजे मजकूर लिहायच्या प्रोग्रॅमवर, काम केलं. हिजरी दिनदर्शिका आणि नमाजाच्या वेळा काढून देणारी लायब्ररीही, म्हणजे इतर प्रोग्रॅमांना वापरता येणारा तयार कोडही, त्यांनी लिहिला. ही लायब्ररी मला विशेष आवडते, कारण इंग्रजी वाक्याला अरबी वाक्य शोधत बसण्याऐवजी, तिथल्या माणसाला दिवसभरात काय लागतं हा विचार तिच्यात पहिला आहे. पण भाषांतर करता करता या लोकांना एक गोष्ट फार लवकर कळली. वाक्यं भरून उपयोग नव्हता, कारण ती पडद्यावर नीट दिसतच नव्हती.

पडद्यामागचं काम

अरबीत अठ्ठावीस अक्षरं आहेत, पण प्रत्येक अक्षराचा आकार ठरलेला नाही. शब्दाच्या सुरुवातीला एक, मध्ये दुसरा, शेवटी तिसरा आणि एकटं उभं असेल तर चौथा. अलिफ, दाल, रा, वाव यांसारखी सहा अक्षरं आपल्या पुढच्या अक्षराला हात देत नाहीत, त्यामुळे शब्द तिथे तुटतो. लाम आणि अलिफ शेजारी आले की त्यांचं जोडाक्षर करावंच लागतं, ती हौस नाही, नियम आहे. संगणक मात्र प्रत्येक अक्षराचा एकच क्रमांक साठवतो. कुठे कोणता आकार काढायचा हे दाखवताना ठरवावं लागतं. हे ठरवणारा प्रोग्रॅम नसेल तर अरबी शब्द सुटी सुटी अक्षरं होऊन पडतो. मराठी वाचकाला याची कल्पना लगेच येईल. ‘विद्यार्थी’ लिहिताना पहिली वेलांटी साठवली जाते ‘व’च्या नंतर, पण काढावी लागते ‘व’च्या आधी, आणि रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढवावा लागतो. हे न कळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आपण सगळ्यांनी मराठीची झालेली मोडतोड पाहिली आहे.

हे काम करणाऱ्या प्रोग्रॅमला ‘शेपिंग इंजिन’ म्हणतात, आणि आज मुक्त जगातलं मुख्य शेपिंग इंजिन आहे ‘हार्फबझ’. या नावातलं ‘हर्फ’ म्हणजे आपला हरफच, अक्षर. फारसीत ‘हर्फ-बाझ’ म्हणजे उघडं अक्षर. बेहदाद इस्फहबोद या इराणी वंशाच्या प्रोग्रॅमरने हे इंजिन घडवलं. क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड, लिबरऑफिस या सगळ्यांत ते आहे. आणि ते फक्त अरबी-फारसीपुरतं नाही, देवनागरीही तेच जुळवतं. अँड्रॉइड फोनवर मराठी वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोरची जोडाक्षरं अरबी-फारसीच्या गरजेतून वाढलेल्या या इंजिनातून येतात.

दुसरी अडचण दिशेची. अरबी उजवीकडून डावीकडे लिहितात हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण अरबी मजकुरातले आकडे डावीकडून उजवीकडेच वाचायचे असतात. मध्येच एखादं इंग्रजी नाव, फाइलचा पत्ता किंवा वेबसाइट आली की तीही डावीकडून उजवीकडे. एका ओळीत दिशा तीन-चारदा उलटते. यासाठी युनिकोडने, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकाने, नियमांची मोठी पद्धत ठरवली आहे. प्रत्येक चिन्हाला दिशा दिलेली आहे. अरबी अक्षरं उजवीकडून, रोमन अक्षरं डावीकडून, आणि स्वल्पविराम, कंस, अधिक-उणे अशी चिन्हं तटस्थ. तटस्थ चिन्हं शेजाऱ्यापाजाऱ्यांची दिशा पाहून आपली दिशा ठरवतात.

इथेच गंमत होते, आणि ज्याला ती रोज भोगावी लागते त्याला ती गंमत वाटत नाही. अरबी वाक्याच्या शेवटी ‘सी++’ या प्रोग्रॅमिंग भाषेचं नाव रोमन लिपीत लिहा. शेवटची दोन अधिक चिन्हं तटस्थ असल्यामुळे वाक्याची दिशा धरतात आणि अक्षराच्या उजवीकडून उडी मारून डावीकडे जाऊन बसतात. प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्या अरबी पुस्तकांत आणि धड्यांत हे कायमचं दुखणं आहे. आदेशातला एखादा उणे किंवा तिरकी रेघ जागा बदलते, विद्यार्थी ते जसंच्या तसं टंकतो, आदेश चालत नाही, आणि चूक आपलीच असं समजून तो पुस्तक मिटतो.

दिशा बदलणारी काही अदृश्य चिन्हंही युनिकोडमध्ये आहेत. लेखकाला हवी तिथे दिशा सांगता यावी म्हणून ती दिली आहेत. २०२१ साली केंब्रिज विद्यापीठातल्या निकोलस बाउचर आणि रॉस अँडरसन या संशोधकांनी दाखवून दिलं की हीच चिन्हं कोडमध्ये पेरून, वाचणाऱ्याला एक दिसेल आणि संगणक दुसरंच चालवेल अशी फसवणूक करता येते. अरबी-हिब्रूसाठी केलेली सोय सगळ्या जगाच्या सुरक्षेचा प्रश्न होऊन बसली, आणि मग संपादक आणि कोड ठेवण्याच्या जागा त्या चिन्हांबद्दल इशारे देऊ लागल्या. उजवीकडून लिहिणाऱ्या लिप्यांचा प्रश्न म्हणजे कोपऱ्यातल्या कुणाचा तरी प्रश्न, असं मानणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावं.

तिसरी अडचण व्याकरणाची, आणि माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखी. इंग्रजीत ‘एक फाइल’ आणि ‘अनेक फाइली’ अशी दोन रूपं पुरतात. मराठीचंही दोनांत भागतं. अरबीत एका फाइलला ‘मलफ्फ’, दोन असतील तर द्विवचन ‘मलफ्फान’, तीन ते दहा असतील तर ‘मलफ्फात’, आणि अकरापासून नव्याण्णवपर्यंत शब्द पुन्हा एकवचनात येतो पण विभक्ती बदलून ‘मलफ्फन’ होतो. शंभराला परत वेगळी विभक्ती. शून्यासाठी वाक्याची रचनाच निराळी करावी लागते. असं सगळं मिळून भाषांतराच्या फाइलमध्ये एका वाक्याची सहा रूपं भरावी लागतात. १०३ ला पुन्हा तिनाचा नियम, ११२ ला पुन्हा बाराचा.

आता समजा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने कोडमध्येच ठरवून टाकलं की संख्या एक असेल तर हे वाक्य, नाही तर ते. अरबी भाषांतरकार कितीही हुशार असला तरी त्याच्यापुढे दोनच रिकाम्या जागा आहेत. सहा रूपं तो कुठे भरणार? ही चूक भाषांतराने दुरुस्त होत नाही. त्यासाठी कोड लिहिणाऱ्याशी बोलावं लागतं. आमच्या भाषेत असं असतं, म्हणून तुमचा कोड असा हवा, हे पटवून द्यावं लागतं, आणि ते संभाषण इंग्रजीत होतं. दोन्ही तटांचं म्हणणं इथे एकमेकांत अडकलं आहे. अरबी नीट यावी म्हणूनच कुणाला तरी इंग्रजी यावं लागतं.

याखेरीज बारीकसारीक गोष्टी पुष्कळ. मागे जाण्याचा बाण उलटा करायचा, पण गाणं सुरू करण्याचं त्रिकोणी बटण उलटं करायचं नाही. जानेवारीला इजिप्तमध्ये ‘यनायर’, सीरिया आणि इराकमध्ये ‘कानून अस-सानी’, अल्जीरियात फ्रेंचच्या वळणाचं ‘जानफी’. मोरोक्को-अल्जीरियात आकडे युरोपी वळणाचे, इजिप्तपासून आखातापर्यंत जुने अरबी वळणाचेही चालतात. एकाच ‘अरबी’ आवृत्तीत हे सगळं बसवायचं असतं.

हे काम कुणी केलं

अरबी भाषेचा आग्रह धरणाऱ्यांनी या कामाचा इतिहास नीट पाहायला हवा असं मला वाटतं. दिशेचे नियम राबवणारी ‘फ्रिबिडी’ ही मुक्त लायब्ररी सुरू केली इस्रायलच्या दोव ग्रोबगेल्ड यांनी, कारण हिब्रूलाही तीच अडचण होती. पुढे ती सांभाळली इस्फहबोद यांनी, फारसीच्या गरजेतून. ‘इमॅक्स’ या जुन्या आणि दांडग्या संपादकात २०१२ च्या आवृत्तीपासून दोन्ही दिशांचं लेखन आलं, ते काम पुन्हा इस्रायलच्या एली झारेत्स्की यांचं. ‘व्हिम’ या दुसऱ्या संपादकात २००३ साली अरबी आली ती अरबआइजच्या मंडळींमुळे. इजिप्तचे खालेद होस्नी यांनी कैरोच्या जुन्या बुलाक छापखान्याच्या, विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या देखण्या टाइपावरून ‘अमीरी’ हा मुक्त टंक, म्हणजे फॉन्ट, घडवला. लिबरऑफिसची अक्षरजुळणी २०१७ च्या आवृत्तीत सगळ्या प्रणालींवर हार्फबझकडे नेण्यातही त्यांचाच मोठा वाटा होता.

हिब्रू, फारसी आणि अरबी बोलणारी ही माणसं एकमेकांच्या कोडवर काम करत होती. त्यांच्या देशांचे संबंध कसे आहेत हे सांगायला नको. कोडभोवतीची चर्चा मात्र एकाच भाषेत होत होती, इंग्रजीत. इंग्रजी नसती तर तीन गटांनी तीन वेगळ्या लायब्रऱ्या केल्या असत्या, आणि त्यातली कुठलीच पूर्ण झाली नसती.

पण हेही खरं की या माणसांना आपली लिपी पडद्यावर नीट हवी होती, म्हणून ती या कामाला लागली. नुसती इंग्रजी येणाऱ्याला अरबी मोडलेली दिसते हेच कळलं नसतं.

इंग्रजीच्या बाजूने जे खरं आहे

इंग्रजी शिका म्हणणाऱ्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा चूक दाखवणाऱ्या संदेशांचा आहे. सॉफ्टवेअर अडलं की ते काहीतरी वाक्य दाखवतं. माणूस ते वाक्य उचलून इंटरनेटवर शोधतो. वाक्य इंग्रजीत असेल तर त्याच खड्ड्यात पडलेले हजारो लोक सापडतात आणि त्यांचे उपाय. तेच वाक्य अरबीत भाषांतरित झालं असेल तर शोधात काहीच हाती लागत नाही, कारण ते भाषांतर एखाद्या स्वयंसेवकाने एका रात्री केलेलं असतं आणि त्यावर कुणी चर्चा केलेली नसते. मनापासून अरबीवर प्रेम करणारे प्रोग्रॅमरसुद्धा आपला संगणक इंग्रजीत ठेवतात त्याचं एक मोठं कारण हे आहे. त्यात कमीपणा काही नाही.

दुसरा मुद्दा अर्धवटपणाचा. भाषांतर सत्तर टक्के झालं आणि थांबलं की मेन्यू अरबीत, आतली खिडकी इंग्रजीत, आणि एकाच गोष्टीला तीन ठिकाणी तीन शब्द, असं होतं. असं सॉफ्टवेअर पूर्ण इंग्रजीपेक्षाही अवघड जातं. स्वयंसेवकांचा उत्साह ओसरतो, नवी आवृत्ती येते, नवी वाक्यं रिकामी राहतात. अरबआइजचाही सुरुवातीचा भर पुढे टिकला नाही. भाषांतर म्हणजे विहीर खणणं नाही, ते रोजचं पाणी भरणं आहे.

तिसरा मुद्दा प्रोग्रॅमिंगचा. अरबी आज्ञा असलेल्या प्रोग्रॅमिंग भाषा झालेल्या आहेत. १९८० च्या दशकात कुवेतच्या एका कंपनीने ‘सख्र’ नावाचे अरबी घरगुती संगणक आणले, त्यांवर ‘बेसिक’ ही सोपी प्रोग्रॅमिंग भाषाही अरबीत चालत असे. आखातातल्या एका पिढीची संगणकाशी ओळख त्यांवर झाली. १९९० साली इराकने कुवेतवर आक्रमण केलं आणि कंपनीला कैरोला हलावं लागलं. घरगुती संगणकांचा तो काळही सरला. सख्रचा कोड मुक्त नव्हता, त्यामुळे पुढच्यांना त्यावर काही रचता आलं नाही. अलीकडे लेबनॉनच्या रॅमझी नासर यांनी ‘कल्ब’ नावाची प्रोग्रॅमिंग भाषा केली, तिच्यात सगळं अरबीत. ती कामासाठी नव्हती, दाखवून देण्यासाठी होती. अरबीत कोड लिहून पाहिला की संपादक, टर्मिनल (काळ्या पडद्यावर आदेश टंकायची जागा), कोड ठेवण्याच्या वेबसाइट, जवळपास प्रत्येक साधन कुठे ना कुठे मोडतं, आणि संगणकाच्या मुळाशी इंग्रजी किती खोल गृहीत धरलेली आहे ते उघड होतं. ‘हेडी’ ही मुलांना शिकवण्यासाठीची मुक्त भाषा मात्र खरोखर वर्गात चालते. तिच्यात अरबी आणि इंग्रजी आज्ञा दोन्ही घेता येतात, म्हणजे मूल अरबीत सुरू करून हळूहळू सरकू शकतं.

आज्ञांचे शब्द पाठ करणं हा प्रश्नच नाही. चाळीसेक शब्द कुणीही शिकेल. भिंत आहे ती माहितीपुस्तिकांची, चर्चांची, हजारो पानांच्या लेखनाची, आणि तिथे शब्द पाठ करून भागत नाही, भाषाच यावी लागते.

मग सगळ्यांना इंग्रजी शिकवू या?

हे म्हणणं सोपं आहे, कारण ते दुसऱ्या कुणाला तरी करायचं असतं.

मोरोक्कोतली एक मुलगी घ्या. घरी ती दारिजा बोलते, म्हणजे तिथली बोली अरबी, किंवा अमाझिग, जी अरबी नाहीच. शाळेत तिला ‘फुस्हा’ शिकावी लागते, म्हणजे पुस्तकांची आणि बातम्यांची प्रमाण अरबी, जी कुणाचीच मातृभाषा नाही. मग फ्रेंच, कारण विज्ञान आणि नोकऱ्या फ्रेंचमध्ये. त्यानंतर नंबर इंग्रजीचा. ‘फक्त इंग्रजी शीक’ म्हणजे तिच्यासाठी चौथी भाषा. शेजारच्या अल्जीरियात प्राथमिक शाळेत तिसरीपासून इंग्रजी आणली गेली ती २०२२ साली. कैरोत चांगलं इंग्रजी येतं ते बहुतेक करून महागड्या खासगी शाळेत गेलेल्यांना. मुक्त सॉफ्टवेअर ज्यांच्यासाठी सगळ्यात मोलाचं आहे, म्हणजे परवाना विकत घेणं ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी, त्यांनाच ही अट सर्वांत जड जाते. आधी पैसे नव्हते म्हणून बाहेर, आता इंग्रजी नाही म्हणून बाहेर. असं होणार असेल तर ‘हुर्र’ या शब्दाला अर्थ उरत नाही.

पत्रकार आणि कार्यकर्ते वापरतात त्या, ओळख लपवून इंटरनेट वापरू देणाऱ्या ‘टॉर’ किंवा खासगी संदेश पाठवणाऱ्या ‘सिग्नल’सारख्या साधनांचा विचार करा. तिथला एखादा इशारा नीट न समजल्याची किंमत फार मोठी असू शकते. ‘लोकलायझेशन लॅब’च्या स्वयंसेवकांनी अशी साधनं अरबीत आणायला मेहनत घेतली ती याच कारणाने. धोक्यात असलेल्या माणसाला आधी इंग्रजीचा वर्ग लाव असं कोणत्या तोंडाने सांगणार?

फुस्हाचा प्रश्न मात्र अरबीवाद्यांनी टाळता कामा नये. कैरो आणि दमास्कसच्या भाषा अकादमी आणि रबातचं अरबीकरण समन्वय कार्यालय शब्द घडवतात, काही फार सुंदर घडवतात. पण बोलताना लोक ‘सेव्ह’ आणि ‘फॉरमॅट’ या इंग्रजी शब्दांनाच अरबी क्रियापदांसारखे चालवतात, जसे आपण ‘सेव्ह केलं’, ‘फॉरमॅट मारला’ म्हणतो. मेन्यूत अगदी जड शब्द आला की तो परकाच वाटतो, इंग्रजीहूनही परका. भाषांतरकाराने अकादमीच्या यादीइतकंच दुकानात फोन दुरुस्त करणाऱ्याचं बोलणं ऐकायला हवं. मराठीत हा धडा आपणही गिरवतो आहोत. पुण्यातून सुरू झालेल्या ‘फ्युएल’ प्रकल्पाने नेहमीच्या वापरातले शब्द भाषातज्ज्ञ, भाषांतरकार आणि वापरणारे एकत्र बसवून ठरवण्याची पद्धत घालून दिली, त्यात मराठीही होती. ‘संचयन’ म्हणायचं की ‘साठवा’, हा वाद ज्याने ऐकला आहे त्याला अरबीतली घालमेल नव्याने समजवायला नको.

माझं मत

दोन्ही तट ‘अरब वापरकर्ता’ नावाचा एकच माणूस समोर धरून बोलतात, आणि तसा माणूस कुठे नसतो. दवाखान्यात नोंदी करणारी बाई, शाळेतला शिक्षक, फोनवर नातवाचे फोटो पाहणारी आजी, यांना सॉफ्टवेअर पूर्ण अरबीत मिळायला हवं, अर्धं नव्हे. त्यासाठी एकही इंग्रजी शब्द शिकण्याचं देणं ते लागत नाहीत. जी मुलं प्रोग्रॅमिंग शिकू पाहतात त्यांना सुरुवातीचे धडे अरबीत हवेत आणि शेजारी इंग्रजी संज्ञाही हव्यात, कारण पुढे त्यांना त्याच भेटणार. आणि जे मुक्त सॉफ्टवेअर घडवू पाहतात त्यांना इंग्रजी चांगली यायला हवी, त्यात सवलत नाही. सहा रूपांसाठी भांडणारा माणूस तोच असणार आहे.

पहिल्या गटाला अरबी मिळाली तरच तिसरा गट तयार होतो, ही या सगळ्यातली माझ्या दृष्टीने कळीची गोष्ट आहे. याचं मला पटलेलं उदाहरण जॉर्डनचं आहे. तिथल्या राणी रानिया प्रतिष्ठानने २०१४ साली ‘इद्राक’ नावाचं मोफत ऑनलाइन शिक्षणाचं व्यासपीठ सुरू केलं, अभ्यासक्रम अरबीत. त्यासाठी त्यांनी नवं काही न रचता ‘ओपन एडेक्स’ हे मुक्त सॉफ्टवेअर घेतलं. पण ते उजवीकडून डावीकडे नीट चालत नव्हतं. मग त्यांच्या अभियंत्यांनी ते दुरुस्त करायला हातभार लावला आणि दुरुस्त्या मूळ प्रकल्पाला परत दिल्या, अर्थातच इंग्रजीत बोलून. आता हिब्रू, फारसी, उर्दू, कुणालाही त्या वापरता येतात. अरबीत शिकू पाहणाऱ्यांची गरज नसती तर ते इंग्रजी येणारे अभियंते त्या कोडजवळ कधी गेले असते?

चूक दाखवणाऱ्या संदेशांच्या अडचणीवरही उपाय आहे आणि तो महागही नाही. संदेश अरबीत दाखवा, पण शेजारी एक ठरलेला क्रमांक किंवा मूळ इंग्रजी वाक्य ठेवा. वाचणाऱ्याला कळेल आणि शोधणाऱ्याला सापडेल. प्रकल्प सांभाळणाऱ्यांनी एवढं पथ्य पाळलं तर संगणक इंग्रजीत ठेवण्याचं ते मोठं कारण बरंच निघून जाईल. हे काम भाषांतरकाराचं नाही, मूळ प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचं आहे, मग तो ओहायोत असो की बंगळुरात.

दुबई, मस्कत, दोहा इथे नोकरीला असलेल्या मराठी माणसांनी कळफलकावर इंग्रजी अक्षरांशेजारी छापलेली अरबी अक्षरं रोज पाहिलेली असतात. त्या कळांपासून पडद्यापर्यंतची वाट अजून पूर्ण झालेली नाही. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये अरबी अजून सगळीकडे सरळ दिसत नाही. ग्नोमच्या टर्मिनलमध्ये दोन्ही दिशांची सोय आली ती २०१९ साली, एगमाँट कोब्लिंगर या प्रोग्रॅमरने टर्मिनलसाठी दिशेचे नियम नव्याने लिहून काढल्यावर. बाकी कितीतरी टर्मिनल प्रोग्रॅमांनी ते नियम अजून उचललेले नाहीत. ते उचलून घेण्याचं काम कुणालाही करता येईल, कोड मुक्त आहे. ज्याला अरबी वाचता येते आणि इंग्रजीत चार ओळी नीट लिहिता येतात, त्याने मोडलेल्या ओळीचं एक चित्र काढून पाठवलं तरी सुरुवात होते.